दूध, दांत आणि दुराग्रह

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या सुशिक्षित घरांतून दुधासंबंधानें दोन पंथ निर्माण झाले आहेत. पहिला जुना. त्याच्या मतें दूध हें पूर्णान्न. मूल दूध पीत नसेल तर त्याचीं हाडें ठिसूळ होतील, दांत किडतील, उंची खुंटेल. सबब तें रडो, ओको, तोंड फिरवो, पेलाभर दूध त्याच्या पोटांत गेलेंच पाहिजे. दुसरा पंथ नवा. त्याच्या मतें वासराचें अन्न माणसानें पिणें हा सृष्टिक्रमाचा भंग. दुधानें रक्त आंबतें, तो आंबटपणा मारण्यासाठीं हाडांतला चुना विरघळतो, आणि मुलांचे दांत किडतात तेहि दुधामुळेंच. पहिला पंथ आजीच्या पदराआड वाढला, दुसरा हातांतल्या मोबाइलवर वाढत आहे. दोघांचेंहि म्हणणें आम्हीं शांतपणें ऐकून घेतलें आहे. दोघेहि चुकतात असें आमचें मत आहे; परंतु दोघांची चूक सारखी नाहीं, आणि या भांडणांत ज्या तिसऱ्याचें फावतें त्याचें नांव कोणीच काढीत नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घडलेली एक गोष्ट सांगतों. आमच्या नात्यांतील एक मुलगी चार वर्षांची असतांना तिचे वरचे पुढचे चारहि दांत हिरडीपर्यंत काळे पडले. खालचे दांत मात्र पांढरेशुभ्र. रात्री दुखणें सुरू झालें कीं सारें घर जागें. अखेर तिला दंतवैद्यांकडे नेलें. त्यांनीं तोंड पाहिलें आणि विचारलें, "झोपतांना बाटलीनें दूध देतां काय?" आईनें होकार दिला. "मग दूध बंद करा," असें सांगून ते पुढच्या रोग्याकडे वळले. भूल देऊन दांत काढावे लागले. घरीं आल्यावर दूध सर्वस्वी बंद झालें. दह्याताकावरहि संशय आला. मुलीला भूक तर लागणारच. दुधाच्या जागीं बिस्किटें आलीं, खोक्यांतला गोड रस आला, आणि वर्ष उलटण्यापूर्वीं दोन दाढा किडल्या. घरांतले नव्या पंथाचे काका म्हणाले, "दुधाचा जुना परिणाम." आजी म्हणाली, "दूध तोडलें त्याचें फळ." दोघांनाहि आपलें म्हणणें सिद्ध झाल्याचें समाधान लाभलें, दाढा मुलीच्या गेल्या.

त्या बाटलींत नुसतें दूध कधींच नव्हतें. त्यांत दोन चमचे साखर असे, आणि वरून डब्यांतली ती तपकिरी पूड. दंतवैद्यांनीं हें विचारलें नाहीं; आईनेंहि सांगितलें नाहीं, कारण तिच्या लेखीं ती पूड म्हणजे औषधच होती. डब्यावर तसें चित्र होतें.

आतां दांत किडतो म्हणजे काय होतें तें पाहूं. किडा दांत पोखरतो ही समजूत फार जुनी, आणि 'दांतांतले किडे' काढून दाखवणारे लोक बाजारांत बसलेले आमच्या वडील पिढीनें पाहिले आहेत. १८९० सालीं मिलर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञानें, बर्लिनमध्यें काम करीत असतां, असें प्रतिपादन केलें कीं तोंडांतले सूक्ष्म जंतु पिष्टमय व गोड पदार्थांचें आम्ल बनवितात आणि तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. १९२४ सालीं क्लार्क यानें किडलेल्या दांतांतून असा एक जंतु वेगळा काढला. पुढें स्टीफन यानें १९४० च्या सुमारास असें मोजून दाखविलें कीं साखरेच्या पाण्यानें चूळ भरल्याबरोबर दांतांवरच्या थरांतला आंबटपणा कांहीं मिनिटांतच धोक्याच्या रेषेपलीकडे जातो, आणि लाळेच्या योगानें तो पूर्ववत् व्हावयास अर्धा ते एक तास लागतो. दांताचें कवच हें आपल्या शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य. वजनानें शेंकडा ९६ भाग खनिज. परंतु तें मृत द्रव्य आहे. हाड मोडलें तर सांधतें. कवच एकदां फुटून खड्डा पडला कीं तो बुजविण्याचें सामर्थ्य शरीराच्या ठायीं नाहीं. म्हणून प्रश्न असा विचारावयाचा कीं अमुक पदार्थ तोंडांत किती वेळ राहतो, त्यांतून किती आम्ल होतें, आणि तें धुऊन टाकावयास लाळ हजर आहे कीं नाहीं.

या कसोटीवर साधें दूध कसें उतरतें? दुधांत शेंकडा पांचाच्या आंत-बाहेर शर्करा असते हें खरें. पण ती दुग्धशर्करा. जंतूंना आम्ल करण्यास ती उसाच्या साखरेपेक्षां पुष्कळच कमी उपयोगी पडते. शिवाय दुधांत शंभर मिलिलिटरला सुमारें १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, जोडीला फॉस्फरस असतो, आणि केसीन नांवाचें प्रथिन असतें. दांताचें कवच ज्या द्रव्यांचें बनलें आहे तींच हीं द्रव्यें. तीं आसपास भरपूर असलीं म्हणजे कवच विरघळण्याचा वेग मंदावतो. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न विद्यापीठांत रेनल्ड्स व त्यांचे सहकारी यांनीं याच केसीनपासून दांतांचें खनिज भरून काढण्यास साहाय्य करणारें द्रव्य तयार केलें, आणि तें आज दंतवैद्यांच्या मलमांतून वापरलें जातें. जो पदार्थ दंतवैद्य औषधाच्या नळींत भरतात त्यालाच किडीचा बाप ठरविणें म्हणजे पोलिसालाच चोर म्हणून पकडण्यासारखें आहे.

परंतु दुधाच्या भक्तांनीं एवढ्यावर टाळ्या पिटूं नयेत. झोपेंत लाळ जवळजवळ आटते. मूल बाटली तोंडांत धरून झोपलें तर दूध वरच्या पुढच्या दांतांभोंवतीं तासन् तास साचून राहतें. खालचे दांत जिभेखालीं झांकलेले आणि लाळेच्या ग्रंथींजवळ, म्हणून ते बचावतात. त्या मुलीचें तोंड याचा नमुनाच होता. १९६२ सालीं फास या अमेरिकन दंतवैद्यानें या प्रकाराला बाटलीचें नांव देऊन त्याचें वर्णन केलें. अशा स्थितींत बिनसाखरेचें दूधहि निर्दोष राहत नाहीं. सौम्य शर्करा, पण रात्रभर. मग त्यांत दोन चमचे साखर घालणाऱ्यानें दुधाला दोष देण्याचा अधिकार कोठून आणला?

साखरेसंबंधीं जें उत्तम ज्ञान आपल्यापाशीं आहे तें फार लाजिरवाण्या मार्गानें मिळालेलें आहे. स्वीडनमध्यें लुंड शहरानजीक व्हिपेहोल्म येथें मतिमंदांचें एक मोठें आश्रयस्थान होतें. तेथील रहिवाशांवर १९४५ पासून पुढें कित्येक वर्षें प्रयोग झाले. ज्यांना नाहीं म्हणतां येत नव्हतें अशा माणसांना दांतांना चिकटून राहतील अशा मुद्दाम बनविलेल्या टॉफ्या दिवसभर खाऊं घातल्या आणि त्यांचे दांत किडूं दिले. १९५४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जेवणाबरोबर खाल्लेली साखर त्या मानानें थोडी बाधते; दोन जेवणांच्या मध्यें, वारंवार, चिकटून राहणारी साखर दांतांचा सत्यानाश करते. स्वीडिश आईबापांनीं त्यांतून काय घेतलें? मुलांना गोड खाऊ शनिवारीं, एकदांच. आपण काय घेतलें? बिस्किट हा 'हलका' आहार.

आतां जुन्या पंथाकडे वळूं. तो म्हणतो, दूध प्या, दांत मजबूत होतील. यांत अर्धें सत्य आहे, तें वयाचें आहे. पक्के दांत तोंडांत दिसतात सहाव्या-सातव्या वर्षीं, पण त्यांची घडण जबड्यांत जन्माच्या सुमारास सुरू होते आणि अक्कलदाढा सोडल्या तर आठव्या वर्षाच्या आसपास त्यांचे माथे पुरे होतात. या काळांत कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व यांची वाण पडली तर कवच कच्चें राहतें. इंग्लंडांत मे मेलनबी या बाईंनीं १९२० नंतरच्या दशकांत याच विषयावर कष्टाचें काम केलें. परंतु दांत एकदां वर आला कीं पोटांतल्या दुधांतला चुना त्याच्या कवचापर्यंत पोंचण्यास वाट नाहीं. चाळिशीच्या गृहस्थानें दांत बळकट व्हावेत म्हणून रात्रीं दूध पिणें ही श्रद्धा होय. तिला आमचा विरोध नाहीं. तिनें दांत घासण्याची जागा घेऊं नये, इतकेंच. गरोदर बाईचे दांत पोटांतलें मूल 'खातें' हीहि त्याच जातीची समजूत. गर्भाला चुना कमी पडला तर तो आईच्या हाडांतून जातो, दांतांतून नव्हे.

मुलांच्या वाढीला दूध उपकारक आहे, हें मात्र आम्ही निःशंकपणें मान्य करतों. १९२६ सालीं कॉरी मान यानें लंडनजवळच्या एका संस्थेंतील मुलांवर केलेल्या प्रयोगाचें वृत्त प्रसिद्ध झालें. नेहमींच्या जेवणावर वाढणारे मुलगे वर्षाला ४ पौंडांहूनहि कमी वाढले. ज्यांना रोज एक पाइंट दूध अधिक दिलें ते सुमारें ७ पौंड वाढले. तरी येथेंहि उत्साहानें घात होतो. १९३० सालीं स्कॉटलंडांतील लॅनर्कशायर परगण्यांत वीस हजार शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला, दहा हजारांना दूध, दहा हजार नुसते तुलनेसाठीं. मुलें निवडतांना शिक्षकांना फेरफार करण्याची मोकळीक होती. आणि शिक्षक कनवाळू, त्यांनीं रोडकीं, गरीब मुलें दुधाच्या बाजूला सरकविलीं. १९३१ सालीं 'स्टुडंट' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या गॉसेट या संख्याशास्त्रज्ञानें ही चूक उघडी केली. कनवाळूपणा दोषास पात्र नव्हता, पण त्यामुळें दुधाचा गुण किती हें त्या प्रचंड प्रयोगांतून नीट कळलें नाहीं. आमच्या घरोघरचा अनुभव यापेक्षां फार निराळा नसतो. लाडक्या नातवाला दूधहि अधिक मिळतें आणि तूप, अंडें, फळ, लक्ष हेंहि अधिक मिळतें, आणि श्रेय जातें पेल्याला.

दूध 'पूर्णान्न' म्हणणें तर सरळ अपायकारक आहे. दुधांत लोह नांवालाच असतें. पोट दुधानेंच भरलें कीं मूल भाकरी, वरण, पालेभाजी यांना शिवत नाहीं, आणि गुबगुबीत, गोरेंपान दिसणारें मूल रक्तानें कंगाल राहतें. एक वर्षाच्या आंत गाईचें दूध मुख्य अन्न म्हणून देऊं नये, असें बालरोगतज्ज्ञ सांगतात तें याच कारणासाठीं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६७ मुलांत रक्त कमी आढळलें. त्याचीं कारणें अनेक आहेत आणि गरिबी हें पहिलें. पण ज्या घरांत गरिबी नाहीं तेथें दिवसाला लिटरभर दूध पाजून मुलाचा 'रंग उजळतो' असें समजणाऱ्या आयांनीं हा आंकडा नजरेआड करूं नये. चुना दुधांतच असतो असेंहि नाहीं. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. तें सर्वच दुधांतल्याप्रमाणें अंगीं लागतें असें नाहीं. तरी कोंकणांतल्या ज्या कुटुंबांना दूध चहापुरतेंच ठाऊक होतें त्यांचीं मुलें नाचणीच्या आंबिलीवर आणि कांट्यांसकट खाल्लेल्या सुक्या मासळीवर ताठ उभीं राहिलीं, हें विसरतां येत नाहीं.

नव्या पंथाचा पहिला मुद्दा असा कीं दुसरा कोणताहि प्राणी मोठेपणीं दूध पीत नाहीं. दुसरा कोणताहि प्राणी भात शिजवीत नाहीं, चष्मा लावीत नाहीं, आणि मासिकांत लेखहि लिहीत नाहीं. मुद्द्याचा मुद्दा एवढाच कीं जगांतील सुमारें दोनतृतीयांश माणसांत बाल्य सरल्यावर दुग्धशर्करा पचविणारें द्रव्य कमी होतें. आपल्या देशांतहि उत्तरेकडे तें टिकून राहण्याचें प्रमाण अधिक, दक्षिणेकडे कमी. यावरून निघतें तें इतकेंच, कीं ज्याचें पोट दुधानें फुगतें त्याला दूध पाजूं नये. जें मूल दुधाचें नांव काढतांच पोट धरतें त्याला हट्टी म्हणण्यापूर्वीं त्याचें खरें मानावें. विरजणानें यांतली पुष्कळ शर्करा कमी होते. ताक पिणाऱ्या आमच्या पूर्वजांना याचें कारण ठाऊक नसेल, पण उपाय ठाऊक होता.

रक्त आंबण्याची गोष्ट मात्र निखालस बनावट आहे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्टींत राखण्याचें काम फुप्फुसें आणि मूत्रपिंडें अहोरात्र करीत असतात. पेलाभर दुधानें तो ढळत असता तर आपण लिंबाच्या सरबतानेंच गतप्राण झालों असतों. प्रथिनें अधिक खाल्लीं तर लघवींतून कॅल्शियम थोडें अधिक जातें, हें खरें. पण आंतड्यांतून शोषलेंहि अधिक जातें. अर्धा जमाखर्च वाचून दिवाळें जाहीर करणें हा हिशेब नव्हे. स्वीडनचा २०१४ सालचा अभ्यास हें या पंथाचें ब्रह्मास्त्र. एकसष्ट हजारांवर स्त्रिया आणि पंचेचाळीस हजारांवर पुरुष यांची वर्षानुवर्षें नोंद ठेवून मायकेलसन व सहकाऱ्यांना असें दिसलें कीं दिवसाला तीन किंवा अधिक पेले दूध पिणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचें प्रमाण अधिक होतें आणि हाडें मोडणें कमी नव्हतें. हें आम्ही लपवीत नाहीं, आणि दूध जितकें अधिक तितकें उत्तम असें मानणाऱ्यांनीं तें अवश्य वाचावें. परंतु त्याच निबंधांत लेखकांनीं निष्कर्ष जपून घ्यावेत असेंहि सांगितलें आहे, आणि दही, चीज यांच्या बाबतींत असें दिसलें नाहीं हेंहि नोंदलें आहे. मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत हीं दोन वाक्यें नेमकीं गळतात.

नव्या पंथांत एक वर्ग असा आहे कीं ज्याचा आम्ही मनापासून आदर करतों. गाईम्हशींचे हाल, वासराला तोडणें, भाकड जनावराची गत, यांनीं ज्यांचें अंतःकरण द्रवतें आणि म्हणून जे दूध सोडतात, त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलें. दूध अधिक निघावें म्हणून कलकत्त्याकडे गवळी जनावरांवर जो 'फुका'चा निर्दय प्रकार करीत, त्याचा तिटकारा हें त्यामागील एक कारण होतें. १९१९ च्या आरंभीं दुखण्यानें जर्जर झाले असतां कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनीं शेळीचें दूध घेतलें, आणि व्रताच्या शब्दाला जपून त्याचा आत्मा दुखावला याचें शल्य त्यांनीं आत्मकथेंत उघड मांडलें. दुधाला वनस्पतींत पर्याय सांपडला नाहीं हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. ज्याला दयेसाठीं दूध सोडावयाचें त्यानें असें सोडावें. दयेला वैद्यकाचा खोटा झगा चढवून आयांना भिववूं नये. तो झगा फाटला म्हणजे लोक दयेलाहि हंसतात.

राहिला तो तिसरा. पेल्यांतल्या पुडीचा व्यापारी. त्याला दोन्ही पंथांचें भांडण सोईचें आहे, कारण दुधावर वाद चालू असेपर्यंत पुडीकडे कोणी पाहत नाहीं. या कलेंत त्याचा हात जुना आहे. १९३० नंतरच्या दशकांत हॉर्लिक्सच्या जाहिरातींनीं विलायतेंत 'रात्रीची उपासमार' नांवाचा एक रोगच निर्माण केला होता, आणि त्यावर उतारा अर्थात् झोपतांना पेलाभर हॉर्लिक्स. दांतांच्या दृष्टीनें जी वेळ सर्वांत वाईट तीच नेमकी शोधून काढली! आपल्याकडे २०२३ सालीं बोर्नव्हिटांतील साखरेवरून गवगवा झाला तेव्हां पुष्कळांनीं डबा प्रथमच उलटा करून वाचला: शंभर ग्रॅम पुडींत सदतीस ग्रॅमांहून अधिक वरून घातलेली साखर. पुढें ती कांहींशी कमी करण्यांत आली, आणि एप्रिल २०२४ मध्यें केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानें इंटरनेटवरील दुकानांना अशीं पेयें 'आरोग्यपेय' या सदरांतून काढून टाकण्यास सांगितलें, कारण कायद्यांत असें सदरच नाहीं.

हिशेब घरच्या गृहिणीला सहज करतां येईल. दोन शीग चमचे म्हणजे वीस ग्रॅम पूड. त्यांत सात ग्रॅम साखर. घरची दोन चमचे साखर आठ-दहा ग्रॅम. एका पेल्यांत पंधरा-सतरा ग्रॅम झाली. चार-पांच वर्षांच्या मुलाच्या एकंदर आहारांत अशी साखर शक्य तों शेंकडा पांच उष्मांकांहून अधिक नसावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सुचविलें. ती मर्यादा सुमारें सतरा ग्रॅमच भरते. म्हणजे सकाळच्या एका पेल्यांत दिवसाचा साठा संपला. सायंकाळचा पेला, बिस्किट, गोळी, वाढदिवसाचा केक हें सर्व उधारीवर. आणि ही उधारी फिटते दांतांतून.

चरकसंहितेंत दांत दोन वेळां घासावे असें आहे, आणि जेवणानंतर खळखळून चूळ भरल्याशिवाय आमच्या आजोबांच्या पिढींत पाटावरून कोणी उठत नसे. टेबलखुर्ची आली आणि चूळ गेली. कागदी रुमालानें ओठ पुसले कीं तोंड स्वच्छ झालें असें आपण समजूं लागलों. बाटलीऐवजीं पेला, दूध बिनसाखरेचें, झोपण्याच्या कांहीं वेळ आधीं, त्यानंतर फ्लोराइड असलेल्या पेस्टनें दांत घासणें आणि मग पाण्याशिवाय कांहीं नाहीं, एवढें सांगावयास त्या दंतवैद्यांना दोन मिनिटें लागलीं असतीं. त्यांनीं तीन शब्दांत आटोपलें.

ती मुलगी आतां आठ वर्षांची आहे. पुढचे पक्के दांत आले ते स्वच्छ आहेत. शाळेंतून आल्यावर चार वाजतां तिला वेलदोडा घातलेलें बिनसाखरेचें दूध मिळतें. ती अर्धें पिते, अर्धें ठेवते, आणि उरलेल्याचें आजी विरजण लावते. काकांनीं दूध सोडलेलें आहे. त्यांच्यासाठीं नाचणीचें सत्त्व होतें. डबा अजून फळीवर आहे. त्यांत मोहरी ठेवलेली असते.